तालमीतला पैलवान ब्राझिलियन जिऊ-जित्सूत: स्पर्धक ते कोच, वाट कशी असते?

लालमाती_कोल्हापूर

नमस्कार मंडळी. आमच्या तालमीतल्या एका पोराबद्दल सल्ला पाहिजे. वय १९, वजन ७२ किलो. आठ वर्षं माती, त्यातली शेवटची तीन मॅटवरही. दुहेरी पट (दोन्ही पाय धरून पाडायचा डाव) लई वेगात येतो, कलाजंग (खांद्यावर उचलून टाकायचा डाव) चांगला बसतो, दम भरपूर. सहा महिने झाले, आठवड्यातून तीन संध्याकाळी ब्राझिलियन जिऊ-जित्सू (मॅटवर धरून, गळा किंवा सांधा आवळून हार मानायला लावायचा खेळ) शिकतोय. बेल्ट अजून पांढराच, म्हणजे सगळ्यात खालचा (पुढं ब्लू, पर्पल, ब्राऊन, ब्लॅक).

आता त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की स्पर्धक म्हणून वर जायचं आणि पुढं इथंच कोल्हापुरात शिकवायचं. घरचे विचारतात, ह्यात पुढं काय? वस्तादांचा विरोध नाही, पण त्यांना या खेळाचे नियम माहीत नाहीत. मॅटवर होतंय असं की तो समोरच्याला पाडतो आणि पाडल्यावर अर्ध्या मिनिटात गळा देऊन बसतो, म्हणजे समोरचा त्याचा गळा आवळतो. प्रत्येक वेळी तेच. ब्लॅक बेल्टपर्यंत वेळ किती लागतो, स्पर्धा कोणत्या खेळाव्यात, कोच होऊन पोट भरतं का, आणि आधी हे गळ्याचं काय करायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

हाफगार्ड

गळ्यापासून सुरू करतो, कारण तो प्रश्न सुटला नाही तर पुढचं सगळं कागदावर राहील.

कुस्तीत पाठ लागली की कुस्ती संपली. म्हणून पैलवानाचं शरीर एक गोष्ट विचार न करता करतं: खाली जायची वेळ आली की पोटावर वळतं. जिऊ-जित्सूत हेच सगळ्यात महाग पडतं. पोटावर किंवा गुडघ्या-कोपरांवर आलात की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा तुमच्या मांड्यांच्या आत अडकवतो आणि तीन सेकंद टिकला की चार गुण घेतो. गुण तर जातातच, वर त्याचा हात हनुवटीखाली शिरतो. आणि पाडलं त्याचे गुण किती? दोन. म्हणजे पोरगा दोन कमावतो आणि चार घालवतो.

गुणांची वाटणी वस्तादांना अशी सांगा: पाडणं २, खालून उलटवून वर येणं म्हणजे स्वीप २, पोटावर गुडघा ठेवणं २, पाय ओलांडून बाजूला जाणं म्हणजे गार्ड पास ३, छातीवर बसणं म्हणजे माउंट ४, पाठ घेणं ४. प्रत्येक ठिकाणी तीन सेकंद ताबा दिसला पाहिजे. आणि टॅप झाला, म्हणजे कुणी हातानं थोपटून हार मानली, तर गुण काहीही असोत, लढत तिथंच संपली. आपल्याकडं चितपटीला जो मान आहे, तो इथं टॅपला आहे.

आता दुहेरी पटातला गळा. पटात शिरताना त्याची मान खाली जाते का बघा. कपाळ जमिनीकडं आणि डोकं समोरच्याच्या काखेखाली गेलं की गिलोटिन, म्हणजे समोरून हातानं गळा आवळणं, तयार. मातीत गळा आवळायची मुभा नाही, त्यामुळं ती जागा उघडी राहिली तरी आठ वर्षांत कुणी शिक्षा दिलेली नसते. सुधारणा तीन आहेत. शिरताना नजर वर. कान समोरच्याच्या बरगडीला किंवा कमरेला घट्ट चिकटलेला. आणि पाडल्यावर लगेच त्याचे पाय ओलांडायला घ्यायचे, पायांच्या मध्ये रेंगाळायचं नाही.

तरीही गळा अडकला तर पैलवान दोन चुका करतो: डोकं मागं ओढतो, नाहीतर समोरच्याला उचलतो. डोकं ओढल्यानं पकड अजून आवळते. उचलून आपटणं तर नियमातच नाही, स्लॅम केला की थेट बाद. बरोबर उपाय असा: आधी दोन्ही हातांनी आवळणारं मनगट धरून खाली ओढायचं आणि श्वासाला जागा करायची. मग डोकं ज्या बाजूला अडकलंय त्याच्या उलट बाजूला पाय ओलांडून जायचं आणि खांद्याचा भार त्याच्या गळ्यावर टाकायचा. त्याच बाजूला गेलात तर तुम्ही स्वतःच फास घट्ट करता.

पाठ दिली गेली तर? इथं तालमीतल्या पोराला आधी पटत नाही ते शिकवावं लागतं: पाठ जमिनीला लावणं हाच बचाव. हनुवटी छातीशी, दोन्ही हात त्याच्या गळ्याकडच्या एकाच हातावर. त्याचा जो हात आपल्या काखेखालून आलाय त्या बाजूला घसरत जायचं आणि खांदे मॅटला टेकवायचे. खांदे टेकले की समोरच्याची छाती आपल्या पाठीपासून सुटते. मग कंबर फिरवून गार्डमध्ये, म्हणजे समोरच्याला आपल्या पायांमध्ये धरून पाठीवर, यायचं. आठ वर्षं जे टाळायला शिकला तेच मुद्दाम करायचं आहे, त्यामुळं नुसतं समजावून भागत नाही. रोज दहा मिनिटं फक्त इथूनच सुरुवात करून लढवा: जोडीदार पाठीवर, दोन्ही टाचा आत, एक हात गळ्यावरून, एक काखेतून. तीन-तीन मिनिटांचे तीन डाव. महिन्याभरात फरक दिसतो.

ढाक आणि धोबीपछाड याबद्दल एकच इशारा. दोन्हीत आपण वळून समोरच्याला पाठ दाखवतो. बसला तर उत्तम, फसला तर पाठ आयती दिलेली. गी (खेळाचा जाड कापडी अंगरखा आणि पँट) घातलेली असेल तर कॉलर धरून तो तुम्हाला अर्ध्यात थांबवू शकतो. सुरुवातीचं वर्षभर पट आणि कलाजंगावरच भर ठेवा.

राजारामपुरी_नववी

हाफगार्ड यांनी गळ्याचं नेमकं लिहिलंय. मी नियम, बेल्ट आणि स्पर्धा घेतो.

पैलवान पांढऱ्या बेल्टला कुठं बाद होतात किंवा गुण घालवतात ते आधी. एकेरी पट मारताना डोकं समोरच्याच्या शरीराच्या बाहेरच्या बाजूला ठेवणं आयबीजेजेएफच्या (या खेळाची जागतिक स्पर्धा घेणाऱ्या संस्थेच्या) नियमात पांढऱ्या बेल्टला मना आहे. कारण सरळ आहे, वरच्यानं बेल्ट धरून पुढं लोटलं तर खालचा डोक्यावर आपटतो आणि मानेला इजा होते. म्हणून एकेरी पटात डोकं आतल्या बाजूला, छातीशी. उडी मारून समोरच्याच्या पायांना कात्री घालून पाडणं सगळ्याच बेल्टना बंद. उडी मारून क्लोज्ड गार्ड घेणं, म्हणजे समोरच्याच्या कमरेला पायांची मिठी घालणं, पांढऱ्याला बंद. मनगटाचं लॉक (सांधा पिळून हार मानायला लावायची पकड) ब्लू बेल्टपासून पुढं. गुडघा सरळ ताणण्याचं लॉक ब्राऊनपासून. टाच पिळणारं हील हुक फक्त नो-गीमध्ये (गी न घालता लढतात त्यात), प्रौढ ब्राऊन आणि ब्लॅक बेल्टना, तेही २०२१ पासून.

मैदानाबाहेर जाणं ही कुस्तीची सवय इथं घातक आहे. लॉक लागत असताना सुटका म्हणून हद्दीबाहेर सरकलात तर बाद. आणि लॉकमध्ये अडकलेला असताना "आई गं" म्हणून ओरडला तरी तो टॅपच धरतात. दात-ओठ खाऊन गप्प राहायला शिकवा असं मी म्हणत नाही, उलट वेळेत हातानं टॅप करायला शिकवा.

अजून एक. बरेच जिऊ-जित्सूवाले पैलवान समोर दिसला की उभं लढतच नाहीत, सरळ गार्ड ओढून खाली बसतात. त्या क्षणी तुमच्या हातात त्यांची पँट आधीच धरलेली असेल आणि ते खाली गेल्यावर तुम्ही वरून तीन सेकंद ताबा ठेवलात, तर पाडल्याचे दोन गुण तुम्हाला मिळतात. म्हणजे गीमध्ये पहिली पकड कॉलरला आणि दुसरी लगेच गुडघ्याजवळ पँटला. पँटच्या मोरीत किंवा बाहीच्या आत बोटं घालायची नाहीत, तो दंड आहे. दंडांचा क्रम असा: पहिला नुसता नोंदवतात, दुसऱ्याला समोरच्याला ॲडव्हांटेज (गुण सारखे राहिले तर निकालाला धरतात तो), तिसऱ्याला दोन गुण, चौथ्याला बाद.

वजन. कुस्तीतली पाणी तोडायची पद्धत इथं आणू नका. आयबीजेजेएफ पद्धतीच्या स्पर्धेत वजन पहिल्या लढतीच्या अगदी आधी, गी घालून, एकदाच होतं. जास्त भरलं तर लढत न खेळताच बाहेर, आणि सुकून आलात तर भरून काढायला वेळच नाही. प्रौढ पुरुषांचे गीचे गट ५७.५, ६४, ७०, ७६, ८२.३, ८८.३, ९४.३, १००.५ किलो आणि त्यापुढं खुलं. गी साधारण दीड ते दोन किलोची. तुमचं पोरगं ७२ अधिक गी, म्हणजे ७४ च्या आत-बाहेर. ७६ च्या गटात निवांत बसतंय. ७० साठी उघड्या अंगानं ६८ लागेल. मी पहिली दोन वर्षं ७६ मध्येच खेळवीन. वाढतं वय आहे, ताकद तोडून तंत्र शिकता येत नाही.

लढतीचा वेळ बेल्टनुसार वाढतो: प्रौढ पांढरा ५ मिनिटं, ब्लू ६, पर्पल ७, ब्राऊन ८, ब्लॅक १०. मातीतला दम इथं उपयोगी आहे, पण झटक्याचा दम आणि दहा मिनिटं पकड टिकवायचा दम वेगळा.

बेल्टचं गणित: ब्लूवर किमान दोन वर्षं, पर्पलवर दीड, ब्राऊनवर एक. ही किमान मुदत. प्रत्यक्षात नियमित सराव करणाऱ्याला पांढऱ्यापासून ब्लॅकपर्यंत आठ-दहा वर्षं लागतात. ब्लॅक बेल्ट किमान १९ व्या वर्षी मिळू शकतो, पण तुमचा पोरगा आज १९ चा आहे, तर २८-२९ धरा. तिशीनंतर मास्टर गट सुरू होतो, म्हणजे त्याची प्रौढ गटातली खरी वर्षं बहुतेक ब्लू, पर्पल आणि ब्राऊनमध्ये जातील. घरच्यांना हे आधीच सांगा. ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर करिअर सुरू होतं असं समजून दहा वर्षं थांबले तर दम सुटेल.

स्पर्धा कोणत्या? दोन वेगळ्या वाटा आहेत आणि लोक त्या एकात मिसळतात. पहिली आयबीजेजेएफ, १९९४ मध्ये स्थापन झालेली खासगी संस्था. तिची जागतिक स्पर्धा १९९६ मध्ये रिओत सुरू झाली, २००७ पासून कॅलिफोर्नियात होते. इथं अकादमीच्या नावानं खेळतात, देशाच्या नाही. दुसरी जेजेआयएफ ही आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे राष्ट्रीय संघांची वाट. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत जिऊ-जित्सू पहिल्यांदा आलं, नंतर हांगझोऊतही होतं. हांगझोऊत पुरुषांचे गट ६२, ६९, ७७ आणि ८५ किलो होते. याशिवाय नो-गीमध्ये एडीसीसी ही स्पर्धा आहे, १९९८ मध्ये अबू धाबीत सुरू झालेली. तिचे नियम कुस्तीगिराला जवळचे, पण तिथं पोहोचायला आधी पात्रता फेरी जिंकावी लागते.

ऑलिम्पिकमध्ये हा खेळ नाही. म्हणून नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणाचा विचार असेल तर कोणत्या संघटनेचं, कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं ते चालू शासन निर्णयात वाचून मगच त्या स्पर्धेची फी भरा. आणि कुस्तीची सगळी प्रमाणपत्रं जपून ठेवा. कुस्ती ऑलिम्पिकचा खेळ आहे, तो कागद कधी कामाला येईल सांगता येत नाही.

फिजिओ_ताई

वरचं सगळं मान्य, पण आमच्याकडं येणारा पैलवान बहुतेक वेळा तीन कारणांनी येतो: कातडी, कान आणि गुडघा. त्यावर लिहिते.

नायटा म्हणजे गजकर्ण. तालमीत मातीत ताक, तेल, हळद, कापूर, कडुलिंब घालतात, माती रोज उकरतात आणि ऊन-वारा मिळतो. मॅटला यातलं काही मिळत नाही. त्यातून कोल्हापूरचा पावसाळा. जुलैत जाड गी दोन दिवसांत वाळत नाही आणि ओलसर गी परत अंगावर चढते. उन्हाळ्यात दोन गी चालतील, पावसाळ्यात तीन ठेवा. सराव संपला की त्याच रात्री गार पाण्यात धुवा, उलटी करून पंख्याखाली टांगा. गरम पाण्यात धुतली की आटते आणि बाही नियमापेक्षा आखूड होते. बेल्टही धुवा.

चट्टा दिसला की मॅट बंद. अंगावरच्या चट्ट्याला औषध सुरू करून किमान ७२ तास, डोक्याच्या कातडीत असेल तर पोटातलं औषध चालू करून दोन आठवडे थांबायचा निकष कुस्तीत वापरतात, तोच पाळा. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनानं मिश्र मलम आणू नका. ज्यात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉलसारखं स्टिरॉइड असतं, त्यानं खाज चार दिवसांत थांबते, पण बुरशी आतून पसरते आणि नंतर साध्या औषधाला दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

मॅट पुसायला एक भाग घरगुती ब्लीच, शंभर भाग पाणी. आधी झाडून धूळ काढा, मग पुसा आणि दहा मिनिटं ओलंच राहू द्या. लगेच कोरड्या फडक्यानं पुसलं तर काहीच मरत नाही. मॅटवर चप्पल नाही, मॅटबाहेर अनवाणी नाही.

कान. तालमीत फुटलेला कान मानाचा, मी त्यावर बोलणार नाही. पण ताजा सुजलेला, मऊ, दुखरा कान असेल तर दोन दिवसांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं जा. रक्त काढून वर दाब दिला नाही तर ते परत भरतं. घरी सुई टोचणं म्हणजे कूर्चेत पू करून घेणं.

गुडघा. बैठका मारून मांड्या भक्कम असतात, पण गार्डसाठी लागणारी खुब्याची फिरत नसते. पाय बाहेर फिरत नाही म्हणून सगळा पीळ गुडघ्यावर येतो. रोज दहा मिनिटं खुबा मोकळा करायला द्या: फुलपाखरू बैठक, ९०-९० बैठक (दोन्ही गुडघे काटकोनात वाकवून), आणि मॅटच्या लांबीवर हिप एस्केप (पाठीवर पडून कंबर सरकवत जाणं) तीन फेऱ्या. पायाच्या लॉकबद्दल एक गोष्ट पोराच्या मनावर ठसवा. टाच पिळली जाते तेव्हा गुडघ्याचे बंध दुखायच्या आधीच सुटतात. हात पिळला तर वेदना इशारा देते, तिथं देत नाही. म्हणून पकड बसली की टॅप, दुखायची वाट बघायची नाही.

गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की साधारण आठ-दहा सेकंदांत शुद्ध जाते. जोडीदारानं टॅप लागताच सोडलं पाहिजे, आणि समोरचा ढिला पडला तर टॅपची वाट न बघता. बेशुद्ध झालेल्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी ओतू नका, गालावर चापट्या मारू नका. काही सेकंदांत जाग येते. अर्ध्या मिनिटात आली नाही तर १०८ ला फोन. जाग आल्यावर त्या दिवशी पुन्हा लढत नाही, कितीही म्हणाला तरी.

लालमाती_कोल्हापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. डोकं बाहेर ठेवून एकेरी पट मना आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. त्याचा तोच पट पेटंट आहे.

दोन शंका. सकाळची तालीम बंद करायची का? आणि कोच होण्याबद्दल अजून कुणी लिहिलं नाही. घरच्यांचा खरा प्रश्न तोच आहे.

मॅटवाला

तालीम बंद करू नका, कमी करा. आठवड्यात तीन सकाळी: दोर चढणं, जोर, सपाट्या, मानेची मेहनत आणि वीसेक मिनिटं उभी लढत. बैठकांचा आकडा निम्म्यावर आणा, संध्याकाळी गुडघे ताजे लागतात. संध्याकाळचे तीन दिवस पाच करा: तीन गी, दोन नो-गी. नो-गीत त्याचे डाव लगेच लागतील आणि त्याला तिथंच रमायला आवडेल. म्हणूनच गीचे दिवस जास्त ठेवायचे. कॉलर-बाहीची पकड त्याला वळायला आणि सुटायला भाग पाडते, ताकदीनं निसटू देत नाही. आणि रोजच्या सरावातला एक डाव असा ठेवा की तो पाठीवरूनच सुरुवात करेल आणि वर यायला स्वीपच वापरेल. पाडून वर बसण्यात तो आजच तरबेज आहे, त्यानं तो शिकत नाही.

आता कोच. पहिलं म्हणजे, स्पर्धक संपला की कोच सुरू असं समजू नका. दोन्ही कामं वेगळी आहेत. रॉजर ग्रेसी दहा वेळा ब्लॅक बेल्टचा जागतिक विजेता, माउंटवरून कॉलरचा साधा गळा हे त्याचं हत्यार. सगळ्यांना माहीत असलेला डाव, तरी अडवता येत नसे. त्यानं लंडनमध्ये अकादमीही उभी केली. मार्सेलो गार्सियानं चार वेळा एडीसीसी जिंकली आणि न्यूयॉर्कमध्ये शिकवलं. दुसऱ्या टोकाला जॉन डॅनहर. स्पर्धक म्हणून नाव नाही, रेन्झो ग्रेसीच्या न्यूयॉर्कच्या अकादमीत वर्षानुवर्षं शिकवलं आणि गॉर्डन रायनसारखे विजेते घडवले. त्याच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मांडणी: कोणती जागा, तिथं पहिला हात कुठं, तो अडला तर दुसरा कुठं. आपले जुने वस्ताद हेच करायचे, डाव आणि तोड जोडीनं सांगायचे. या पोरानं ती पद्धत उचलावी.

सुरुवात ब्लू बेल्टला करा. स्वतंत्र वर्ग नाही, मदतनीस म्हणून. लहान मुलांच्या वर्गात उभा राहिला की डाव शब्दांत मांडायची सवय लागते. पर्पलला ब्लॅक बेल्टच्या देखरेखीखाली स्वतःचा वर्ग चालवता येतो. आयबीजेजेएफमध्ये अकादमीचा जबाबदार प्रोफेसर ब्लॅक बेल्टच लागतो, आणि दुसऱ्याला ब्लॅक बेल्ट द्यायचा तर स्वतःला किमान दुसरी डिग्री (ब्लॅक बेल्टवरची पुढची पायरी) हवी. म्हणून आज ज्यांच्याकडं शिकतोय त्यांना बेल्ट कुणी दिला, त्यांना कुणी दिला, हे विचारून घ्या. ही परंपरा कार्लोस ग्रेसीपर्यंत आणि त्याला शिकवणाऱ्या मित्सुयो माएदापर्यंत सांगता येते. माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचला. विचारल्यावर कुणी रागावलं तर ती जागा सोडा. ऑनलाइन परीक्षा देऊन मिळालेल्या बेल्टला मॅटवर किंमत नाही. जोडीला पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कुस्तीतला सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बघा. शाळेत किंवा संस्थेत कोच म्हणून अर्ज करताना हातात एक सरकारी कागद असतो.

पैशाचा हिशेब उघड मांडतो. आकडे धरून चाललेत, तुमच्या भागातल्या भावानं बदला. ३० बाय २० फुटांचा हॉल म्हणजे ६०० चौरस फूट, साधारण ५४ मॅट, एक मीटर बाय एक मीटरच्या. जाडी ४० मिलिमीटर घ्या. २५ ची स्वस्त मिळते, पण पाडापाडीत खांदा आणि घोटा थेट फरशीवर आपटतो, आणि वर्षभरात सांधे उघडून बोटं अडकायला लागतात. अशा हॉलमध्ये एका वेळी सहा जोड्या सुरक्षित लढतात, सात झाल्या की एक जोडी दुसरीच्या गुडघ्यावर पडते. म्हणजे एका वर्गात १२ जण. महिना १,५०० रुपये फी आणि ४० विद्यार्थी धरले तर ६०,००० येतात. १८,००० भाडं, ४,००० वीज-साफसफाई, ५,००० मॅट बदलण्यासाठी बाजूला. हातात ३३,००० राहतात, आणि तेही ४० विद्यार्थी बारा महिने टिकले तर. परीक्षेच्या दिवसांत आणि पावसाळ्यात गळती ठरलेली आहे. पहिल्या वर्षी २० विद्यार्थी धरा आणि दुसरं उत्पन्न चालू ठेवा. नफा खरा लहान मुलांच्या आणि मुलींच्या वर्गात टिकतो, कारण घरचे बारा महिने पाठवतात. मुलींचा वर्ग सुरू करायचा तर कपडे बदलायला बंद खोली आणि मदतीला एक बाई कोच, हे आधी, जाहिरात नंतर.

पदकावर घर चालत नाही, ब्राझीलमध्येही चालत नाही. तिथले नामवंत स्पर्धकही अकादमी, शिबिरं आणि व्हिडिओ धड्यांवर जगतात. आखाताचा पर्याय मात्र खरा आहे. अमिरातीत शाळांमधून जिऊ-जित्सू शिकवतात आणि बाहेरून कोच घेतात, पण तिथं ब्राझिलियन कोचांशी स्पर्धा आहे आणि वरचा बेल्ट मागतात. पर्पल झाल्यावर विचार करा.

नवे कोच वर्ग कुठं मोडतात तेही लिहितो. एका तासात पाच डाव शिकवतात. पोरांना एकही राहत नाही. ७५ मिनिटांचा वर्ग असा लावा: १० मिनिटं अंग गरम, ३० मिनिटं एकच डाव आणि त्याची एकच तोड, १५ मिनिटं ठरलेल्या जागेवरून लढत, १५ मिनिटं मोकळी लढत, ५ मिनिटं शंका. दुसरी चूक म्हणजे नव्या माणसाशी स्वतः जोरात लढून दाखवणं. तो दुसऱ्या दिवशी येत नाही. तिसरी, पैलवान कोचांची खास: टॅप करणाऱ्या पोराला "घाबरला" म्हणणं. तो शब्द एकदा तोंडून गेला की सगळा वर्ग उशिरा टॅप करायला लागतो आणि महिन्याभरात कुणाचं तरी कोपर जातं. टॅप केला की शाबासकी द्या, परत सुरू करा.

हाफगार्ड

त्याचा एकेरी पट वाया जाणार नाही, तेवढं सांगा. ब्लू बेल्टला डोकं बाहेर ठेवायची मुभा आहे. तोवर आतल्या डोक्याचा शिकून घ्यावा: डावा पाय धरला तर कपाळ त्याच्या छातीच्या हाडावर, दोन्ही कोपर मिटलेले, हात गुडघ्यामागं एकावर एक. मग खांद्यानं मांडीवर दाब देत मागं गोल फिरायचं. पाडलं की तो पाय सोडायचा नाही, काखेत धरूनच त्याच बाजूनं गार्ड पास करायचा. दोन अधिक तीन, पाच गुण एकाच पकडीत.

राजारामपुरी_नववी

पहिल्या स्पर्धेसाठी एवढं: नाव नोंदवायच्या आधी आयोजकांना कुस्तीचा अनुभव स्पष्ट सांगा. काही ठिकाणी अनुभवी पैलवानाला पांढऱ्यात घेत नाहीत, आणि लपवून पदक घेतलं तर अकादमीचं नाव जातं. गी पांढरी, निळी किंवा काळी, वर-खाली एकाच रंगाची. बाही मनगटापासून आणि पँट घोट्यापासून पाच सेंटिमीटरपेक्षा वर नको. दुसरी गी पिशवीत ठेवा, फाटली तर बदलायला. हातापायाची नखं आदल्या रात्री कापा. सकाळी खुराक नेहमीसारखा देऊ नका, तूप-बदाम-थंडाई पोटात जड बसते. लढतीच्या तीन तास आधी केळं, भाकरी, थोडं दूध, मग घोट-घोट पाणी. आणि वस्तादांना बरोबर न्या. कोपऱ्यात बसून उरलेला वेळ आणि गुण मोठ्यानं सांगायला त्यांच्यासारखा आवाज कुणाचा नाही, फक्त "पोटावर हो" असं ओरडायचं नाही, हे आधी ठरवून घ्या.